भाऊजींच्या वाट्याचं खाणं

आमच्या थोरल्या भाऊजींएवढा खाण्याचा शौकीन माणूस सगळ्या पुण्यात दुसरा झाला नसेल, आणि शेवटची काही वर्षं या माणसाने तोंडाला चव येईल असं काहीही खाल्लं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. जन्मभर सिटी बसमध्ये कंडक्टर होते. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी मीठ तोडलं, डाळ तोडली, फळं तोडली, लोणचं तर घरात दिसता कामा नये म्हणाले. पाणी दिवसभरात एक लहान बाटली, आणि त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. दुसरा कोणी असता तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता. भाऊजींनी मात्र जाहीर केलं, की आता वेळ मिळालाय तर जरा फिरायला आणि खायला जावं म्हणतो.

नोकरीत त्यांची ड्यूटी कायम गावाबाहेर जाणाऱ्या गाड्यांवर असायची. स्वारगेटहून निघायचं, मुंढवा, मांजरी, थेऊर, नाहीतर तिकडे हिंजवडीच्या अंगाला जायचं, शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची, उभ्या उभ्या चहा घशात ओतायचा आणि परत. "सगळे उतरून कुठेतरी जायचे," ते सांगायचे. "पिशव्या घेऊन, पोरांना ओढत, हसत जायचे. मी आणि ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन माघारी. पुढे काय आहे ते कधी बघितलंच नाही." पुण्याच्या त्या टोकांना पुढे बहुतेक नदीच आहे. त्यामुळे आमचं फिरणं सगळं नदीकाठचं झालं.

आमचं म्हणायचं कारण, त्यांच्याबरोबर मी असायचे. त्यांना चक्कर यायची, एकटं सोडता येत नव्हतं. माझ्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, एका खानावळीत पोळ्या लाटायला जातात. आमचे हे गॅसचे सिलिंडर पोचवतात, सकाळी गेले की दिवेलागणीला येतात. भाऊजींना मूलबाळ नाही. घरात उरले मी. अक्कांनी मला दारातच बजावलं, "त्यांना फिरू दे, पण तोंडात काही जाऊ देऊ नकोस. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मला माणसांसमोर बोलता येत नाही. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण भाऊजींशी माझं बोलणं 'जेवायला वाढलंय' आणि 'हे घरी नाहीत' यापलीकडे गेलं नव्हतं. थोरल्या दिराबरोबर रस्त्याने चालायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होई. मी चार पावलं मागे राहून, पदर डोक्यावर घेऊन चालायचे. पहिल्याच दिवशी येरवड्याच्या थांब्याकडे जाताना ते वळून म्हणाले, "अगं धाकटे, शेजारी चाल. लोकांना वाटेल, तुरुंगातून पॅरोलवर सोडलाय आणि मागे पाळतीला बाई ठेवलीय." ते मला धाकटेच म्हणायचे. नावाने कधी हाक मारली नाही.

बसमध्ये त्यांना तिकीट लागत नव्हतं, पण ते मागायचेच. नवा कंडक्टर पास बघून पुढे गेला तर ते त्याला परत बोलवायचे. "अहो, पास उलटा धरला होता मी. बघितलात का?" पोरगा वैतागायचा. ते खिडकीतून बाहेर बघत स्वतःशी म्हणायचे, "नजर नाही." शेवटच्या थांब्यावर सगळे उतरेपर्यंत आपण बसून राहायचे, मग उठून गाडीच्या दाराशी उभे राहून मागे रिकाम्या बाकांकडे एकदा बघायचे, कोणाची छत्री राहिली का ते, आणि मगच उतरायचे.

मग सुरू व्हायचं दर्शन. हातवारे करून, गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात. "डावीकडे बघ. इथे नदी होती." मी घाबरत विचारलं, "आता काय आहे?" "आता नदीच आहे. पण होती म्हटलं की बघणारा जरा आदबीने बघतो." आणि खरोखर आदबीने बघण्यासारखं तिथे काही नसायचं. पांढरा फेस वाहत असायचा, हिरव्यागार जलपर्णीवर बगळे चालायचे, आणि वारा फिरला की नाकाला पदर लावावा लागायचा. पलीकडे पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती. त्यांच्या पाट्या भाऊजी मोठ्याने वाचायचे. "रिव्हर व्ह्यू. म्हणजे नदीचा देखावा. आपल्याकडे गणपतीत देखावा फुकट असतो, इथे कर्ज काढून बघायचा आणि खिडकी मात्र लावून घ्यायची." कोणी साहेब-मडम फिरायला आलेले असले की त्यांनाही ते सोडत नसत. एकाने नदीचा फोटो काढला तर त्याला म्हणाले, "छान येईल. फोटोला वास नसतो."

बघून झालं की खाणं. मांजरीला पुलाच्या अलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. त्यांनी आलं जास्त, लिंबू पूर्ण पिळून आणि बर्फ अजिबात नको अशी ऑर्डर दिली, ग्लास आला, आणि तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, धरायला दिलाय. "पी," ते म्हणाले. त्यांच्यासमोर प्यायची मला लाज वाटली, पण न पिणं जास्त लाजेचं होतं. मी पाठ वळवून प्याले. "कसा आहे?" मी म्हणाले, "चांगला आहे." भाऊजींनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं विनातिकीट माणसाकडे बघतात. "चांगला म्हणजे? चांगला तर जावईपण असतो. चौथीपर्यंत काय बाराखडीच शिकवली का तुम्हाला? नीट सांग. तो रस तू माझ्या वाट्याचा प्यायलीस."

तेव्हा मला कळलं, की आपल्याला इथे कशाला आणलंय. अर्धा ग्लास उरला होता. मी पुन्हा घोट घेतला आणि काय होतंय याकडे पहिल्यांदा लक्ष दिलं. घाबरत घाबरत म्हणाले, "आधी गोड लागतच नाही. आलं घशाला टोचतं. मग ते टोचणं गेलं की मागून गोड येतं आणि जिभेच्या कडांना बसून राहतं. शेवटी लोखंडासारखा वास येतो, चरकाचा." भाऊजींनी डोळे मिटले होते. त्यांचा गळा हलला, गिळल्यासारखा. मग म्हणाले, "लोखंडाचं बरोबर सांगितलंस. इथला चरक जुना आहे."

त्यानंतर दर आठवड्याला, डायलिसिस नसलेल्या दिवशी, मी त्यांच्या वाट्याचं खायचे. थेऊरकडे जाताना पत्र्याच्या शेडमध्ये तळलेला चिलापी मासा खाल्ला. खडकीच्या पलीकडे नदीच्या चढावर एका बाईकडचं पिठलं आणि तव्यावरचा खर्डा खाल्ला. थंडीत वाघोलीच्या पुढे कोणाच्या तरी शेतावर हुरडा खाल्ला. 'छान', 'मस्त' आणि 'बरं' हे तीन शब्द त्यांनी बंद करून टाकले होते. चुकून तोंडातून गेला तर ते बोटांनी तिकिटाला पंच मारल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "दंड." दंड म्हणजे आणखी एक घास. वर्षभरात मी अंगाने भरले. अक्का म्हणाल्या, "माझा नवरा वाळतोय आणि तू फुगतेयस, काय गं हे?" भाऊजी आतून ओरडले, "एकाच घरात राहिलं ना? वाया कुठे गेलं?"

दुकानदारांना आमचं काही कळायचं नाही. चिलापीच्या शेडवाल्याला वाटलं, काकांना मासा पसंत पडला नाही. तो कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला. "काका, काय कमी हाय का? न खाता नुसतं बघताय." भाऊजी शांतपणे म्हणाले, "काही कमी नाही. चावायचं काम यांच्याकडे दिलंय, मी देखरेखीवर आहे." मग माझ्याकडे वळून, "काटा कुठे लागला? कल्ल्याशी की शेपटीशी?" मी सांगितलं. शेडवाला आमच्याकडे बघत बघत चुलीपाशी गेला आणि आपल्या बायकोला हळूच काहीतरी म्हणाला. ती हसली नाही. तिने भाऊजींच्या हातावरची ती सुजलेली, वळ्या पडलेली शीर पाहिली होती, ज्यातून सुया घालतात. जाताना तिने मला विचारलं, "मशीनवर हायेत का?" मी मान हलवली. तिने आणखी एक मासा कागदात बांधून दिला. "घरी जाऊन खावा. त्यांच्या म्होरं न्हाई," म्हणाली. तो मासा मी घरी जाऊन त्यांच्यासमोरच खाल्ला. त्यांनीच बसवलं.

हे सगळं आत्ता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा सगळंच हसण्यासारखं नव्हतं. उन्हाळ्यात त्यांची जीभ टाळूला चिकटायची आणि शब्द अर्धे अर्धे बाहेर यायचे. केशवनगरला कुंभारांच्या घरांपुढे माठ मांडलेले असतात. तिथे ते एकेक माठ वाजवून बघायचे, कुंभाराशी हुज्जत घालायचे, विकत काहीच घ्यायचे नाहीत. एकदा पाणी भरून ठेवलेल्या एका माठाला त्यांनी दोन्ही तळहात लावले आणि तसेच उकिडवे बसून राहिले. माठ पाझरत होता, त्यांचे हात ओले झाले होते. मी पिशवीतली बाटली घट्ट धरून उभी होते, कारण तिच्यात दिवसाचं शेवटचं चार घोट पाणी होतं आणि घर लांब होतं. कुंभारीण म्हणाली, "तांब्या देऊ का?" भाऊजी म्हणाले, "नको. हातांनीच पितोय." तिला तो विनोद वाटला. मीही तोंडाला पदर लावला, तिला हसल्यासारखं दिसावं म्हणून.

मग किडनी बदलायचं निघालं. डॉक्टर म्हणाले, घरातलं कोणी देत असेल तर बघू. अक्कांना साखर आहे, त्यांचा प्रश्नच नव्हता. आमच्या यांनी पुढचा मागचा विचार न करता सांगितलं, "माझी घ्या." तपासण्या झाल्या, जुळली. घरात दिवाळीसारखं झालं. अक्कांनी यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. जो येई तो म्हणे, काही होत नाही, एका किडनीवर माणूस शंभर वर्षं जगतो. मीही सगळ्यांना चहा करून देत होते. यांचं काम म्हणजे भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन चौथ्या-पाचव्या मजल्यावर चढायचं. ऑपरेशननंतर जड उचलायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते. पुढे काय करायचं हे कोणी बोललं नाही. यांना मी रात्री विचारलं तर कुशीवर वळून म्हणाले, "दादानं मला शिकवलंय, वाढवलंय. बघू पुढचं पुढे." मी दिवा मालवला. आणि खरं सांगायचं तर भाऊजींनी जगावं असं माझ्याइतकं कोणाला वाटत असेल? अक्कांना सोडून कोणालाच नाही.

त्या आठवड्यात भाऊजी मला मुंढव्याला घेऊन गेले. नदीकाठी सिमेंटचा बाक होता. त्यांनी ओली भेळ तिखट करून आणायला लावली. मी दोन-चार घास खाल्ले, चिंचेचं सांगितलं, कैरीचं सांगितलं. ते ऐकत नव्हते. नदीकडे बघत एकदम म्हणाले, "डॉक्टर तुलाही बोलावणार आहेत. देणाऱ्याच्या बायकोची संमती लागते, असा नियम आहे. त्यांना तू हो म्हणशील, ते मला माहीत आहे. म्हणून त्यांच्या आधी मी विचारतो. तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "चांगलं आहे."

"दंड," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

मी घास घेतला. तो गिळता येईना. ते थांबून राहिले. कुठलीही घाई नाही, जशी गाडी शेवटच्या थांब्यावर उभी असते. शेवटी मी म्हणाले, "भीती वाटते."

"कशी?"

"यांना संध्याकाळी यायला उशीर झाला की पोटात खड्डा पडतो, तशी. पण ती जिन्यात यांचा आवाज आला की जाते. ही जात नाही. हे शेजारी झोपलेले असतात तरी जात नाही." मग मला वाटलं अर्धंच सांगितलं, म्हणून म्हणाले, "आणि तुम्ही नसाल, याचीही तशीच वाटते. दोन्ही एकाच जागी वाटतात. वेगळ्या करता येत नाहीत."

जन्मात मी कोणाशी एवढं बोलले नव्हते. मला रडू येत होतं आणि भेळ तिखट होती, त्यामुळे ते लपलं. भाऊजींनी माझ्या हातातल्या पुडीकडे बघितलं. मग म्हणाले, "पुडी खाली ठेव. मऊ पडली ती." परतीच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला पाससुद्धा दाखवला नाही, नुसता खिसा दाखवला.

रविवारी सगळे घरात होते. भाऊजींनी सांगून टाकलं, की आपण धाकट्याची किडनी घेणार नाही. अक्का मटकन खाली बसल्या. यांनी विचारलं, "का?" भाऊजी म्हणाले, "तुला कारल्याची भाजी आवडते." कोणाला काही समजेना. "तुझा अवयव माझ्या पोटात जाणार. उद्या मी उठून कारलं मागायला लागलो तर? साठी उलटली माझी. आता नवी आवड लावून घ्यायची नाही."

"दादा, चेष्टा बास!" यांचा आवाज चढला.

"चेष्टा नाही. डॉक्टरांनाही हेच सांगून आलो."

"कारल्याचं सांगितलंत?" अक्कांनी विचारलं.

"त्यांना म्हणालो, खाजगी कारण आहे."

हे रागाने घराबाहेर गेले. अक्का भाऊजींना नाही नाही ते बोलल्या, मग त्यांच्या पायाशी बसून रडल्या, मग पुन्हा बोलल्या. नातेवाईक आले, समजावून गेले. प्रत्येकाला त्यांनी कारल्याचंच कारण दिलं आणि प्रत्येक वेळी ते जास्त रंगवून सांगितलं. लोक बाहेर पडताना म्हणायचे, माणूस आजाराने भ्रमिष्ट झाला. माझं नाव कुठेही, कधीही, त्यांनी येऊ दिलं नाही. मी चहा देताना कप खाली ठेवला तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे एकदा आम्ही मांजरीच्या पुलाकडे बसलो होतो, तेव्हा मी विचारलं. एवढं विचारायचं धाडस तोवर आलं होतं. "भाऊजी, मी तेव्हा बोलले नसते तर तुम्ही घेतली असती का?" ते म्हणाले, "बाकीचे सगळे म्हणत होते, काही होत नाही. 'काही होत नाही' ही काय चव झाली का? एवढा मोठा घास घ्यायचा आणि त्याची चव कोणी सांगेना. तू सांगितलीस. मला ती झेपणारी नव्हती, बस." मग जरा वेळाने, "आणि कारल्याचं खरंच आहे. मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही." मला हवं होतं ते उत्तर त्यांनी दिलं नाही. ते त्यांच्याकडे होतं की नाही, मला माहीत नाही.

बाहेरून कोणाची किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवलं होतं. नंबर लागला नाही. हे त्यांच्याशी महिनोन् महिने बोलले नाहीत, पण डायलिसिसला रिक्षातून न्यायला दर वेळी काम टाकून यायचे. दोघे भाऊ शेजारी शेजारी दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसायचे. हळूहळू फिरणं कमी झालं. आधी थेऊर बंद झालं, मग मांजरी. मुंढव्यापर्यंत जायचो, तेही बसच्या पायरीवर मी हात द्यायचे तेव्हा. शेवटी शेवटी मीच एकटी जाऊन खाऊन यायचे आणि त्यांच्या उशाशी बसून सांगायचे. ऐकता ऐकता त्यांना झोप लागायची. मी सांगत राहायचे. अक्का भिंतीला टेकून ऐकायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मला कधी विचारलं नाही गं त्यांनी, भाजी कशी झालीय." मी म्हणाले, "तुमच्या हातची त्यांना पाठ होती, अक्का." त्या हो म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते उन्हाळ्यात गेले, डायलिसिसच्या खुर्चीवरच. नर्स म्हणाली, त्रास झाला नाही. मला ते खरं वाटत नाही, पण तिला मी खोदून विचारलं नाही. हे ढसाढसा रडले. त्या दिवसापासून घरात कारलं आलं नाही. मी आणत नाही आणि हे मागत नाहीत.

भाऊजींबद्दल मी काय म्हणावं, त्यांनी मला वाचवलं, की माझ्या एका वाक्याचं ओझं स्वतः घेऊन गेले? त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, भेळेवर एवढा विचार करायचा नसतो. अक्कांना मी अजून काही सांगितलेलं नाही. कधी सांगेन असं वाटतं, कधी वाटतं भाऊजींनी दाबून ठेवलेलं मी कशाला उघडावं.

काल हे उन्हातून आले. शर्ट पाठीला चिकटलेला, खांद्यावर सिलिंडरच्या कडेचा लाल वण. दारात चपला काढायच्या आधीच पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. त्यांनी मान मागे टाकून उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. गळा खाली-वर होत होता, पाण्याचा आवाज येत होता, थोडं पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं ते त्यांनी पुसलंही नाही. तांब्या माझ्या हातात देताना म्हणाले, "काय बघतेस गं अशी?"

"काही नाही," मी म्हणाले. "अजून देऊ?"